वर्धा-वरोरा कोळसा रेल्वे: दिल्ली-चेन्नई लाइन सेवाग्रामवरून वळसा का घालते?

वर्धाकाठ

नागपूरहून चेन्नईच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस अर्ध्या तासात हमखास विचारतो, अहो ही गाडी मुंबईच्या बाजूला कुठं चालली? प्रश्न बरोबर आहे. चंद्रपूर नागपूरच्या दक्षिणेला, रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि रेल्वे मात्र आधी नैर्ऋत्येला, वर्ध्याला लागून असलेल्या सेवाग्रामपर्यंत उतरते, तिथून वळून हिंगणघाट, वरोरा, भांदक करत चंद्रपूरला जाते, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर. देशाच्या उत्तर-दक्षिण मुख्य मार्गावर असा कोपरा कशाला ठेवला असेल?

याचं उत्तर दिल्लीतही नाही आणि चेन्नईतही नाही, ते वरोऱ्याच्या कोळशात आहे. वर्धा ते वरोरा हा पट्टा दिल्ली-मद्रास जोडायला कुणी बांधलाच नव्हता. त्याचं मूळ नाव वर्धा कोल स्टेट रेल्वे. साधारण ४५ मैलांची लाइन, म्हणजे ७२ किलोमीटर. तिकडून कोळसा आणायचा, वाटेत हिंगणघाटचा कापूस भरायचा, आणि सगळं वर्ध्याला जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) मुंबई-नागपूर लाइनवर आणून सोडायचं, एवढंच तिचं काम. विदर्भात आपण शकुंतला या जुन्या नॅरो गेज गाडीबद्दल इतकं बोलतो, लिहितो, पण ही लाइन रोज पायाखाली असूनही तिचा इतिहास कुणाला माहीत नसतो, म्हणून हा धागा.

आधी काळ लक्षात घ्या. जीआयपी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वर्धा शहर तर त्या रेल्वेच्या तोंडावरच वसवलेलं, १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून बांधलं, त्याआधी जिल्ह्याचं ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं. म्हणजे कोळशाच्या लाइनचा विचार सुरू झाला तेव्हा वर्धा हे गाव जेमतेम काही वर्षांचं होतं. त्याच सुमाराला चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा असल्याचं पक्कं झालं, बोअर घेतले गेले, आणि १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं वरोऱ्याला खाण काढली. खाजगी कंपनीनं नाही, सरकारनं.

रेल्वेही सरकारनंच बांधली आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तोवर हिंदुस्थानात रेल्वे म्हणजे लंडनमध्ये भांडवल उभं करणाऱ्या कंपन्या, आणि त्यांना आपल्या तिजोरीतून ५ टक्के व्याजाची हमी. लाइन तोट्यात गेली तरी भागधारकाला ५ टक्के मिळणारच, मग खर्च कमी करायची काळजी कोण करणार? हा बोजा इथल्या करदात्यावर पडतोय हे दादाभाई नौरोजींसारखे लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले. १८६९ नंतर, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, सरकारनं ठरवलं की आता काही लाइनी आपण स्वतः बांधायच्या. नावातलं 'स्टेट रेल्वे' तिथून आलं. आपल्याकडच्या बडनेरा-अमरावती आणि जलंब-खामगाव या दोन छोट्या लाइनी त्याच पिढीतल्या, त्या कापसासाठी. वर्धा-वरोरा ही त्यांची मोठी बहीण.

सरकारी लाइन स्वस्तात व्हावी म्हणून त्या काळात मीटर गेजचा, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा, मोठा बोलबाला होता, पण इथं मुंबई-नागपूर लाइनसारखा रुंद ब्रॉड गेजच टाकला आणि ते शहाणपणाचं ठरलं, कारण गेज वेगळा असता तर वर्ध्याला प्रत्येक डबा रिकामा करून कोळसा फावड्यानं दुसऱ्या गाडीत भरावा लागला असता. कोळसा जितक्या वेळा उचलता तितका त्याचा चुरा होतो आणि चुऱ्याला भाव नाही. ब्रॉड गेजमुळं खाणीवर भरलेला डबा थेट भुसावळपर्यंत जाऊ शकत होता.

लाइन आधी हिंगणघाटपर्यंत आली, मग १८७७ मध्ये वरोऱ्याला पोचली. थोड्याच दिवसांत ती चालवायला जीआयपीकडं दिली. आणि नंतर कितीतरी वर्षं वरोरा हेच टोक होतं, पुढं रूळच नाहीत. चांद्याला जायचं तर वरोऱ्याला उतरून बैलगाडी.

वळशाचं कोडं इथंच सुटतं. कोळशाला नागपूर शहराशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला मुंबई लाइनवरचा सगळ्यात जवळचा बिंदू हवा होता आणि तो होता वर्धा. एकदा तो पट्टा तयार झाल्यावर पुढच्या प्रत्येक पिढीनं त्यालाच शेपूट जोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरोऱ्यापासून बल्लारशाह (बल्लारपूरचं स्टेशन), मग १९२० च्या दशकाच्या अखेरीस निजामाच्या रेल्वेनं काझीपेठ-बल्लारशाह पूर्ण केली, आणि कोळशाचा फाटा एकदम देशाची मुख्य लाइन झाला.

ज्यांना त्या भागाची माहिती आहे त्यांनी भर घाला.

अनु_वाचते

मस्त धागा! आम्ही दरवर्षी या लाइननं जातो पण हे अजिबात माहीत नव्हतं. एक शंका, कोळसा तर बंगालमध्ये राणीगंजला आधीपासून निघत होता ना? मग चांद्यापर्यंत मुद्दाम लाइन टाकायची एवढी गरज का पडली?

इंजिनघर

@अनु_वाचते, राणीगंजचा कोळसा होताच, ईस्ट इंडियन रेल्वे १८५५ मध्येच तिथं पोचलेली. पण तो कोळसा विदर्भात आणणार कसा? जीआयपी आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूरला जोडल्या गेल्या १८७० मध्ये. त्यानंतरही राणीगंज ते भुसावळ हे अंतर एवढं मोठं की भाड्यातच कोळशाची किंमत कितीतरी पट व्हायची. बंगालच्या खाणीवर कोळसा स्वस्त असला तरी आपल्याला काय उपयोग, इंजिनाच्या तोंडाशी येईपर्यंत काय पडतो ते बघायचं असतं.

म्हणून सुरुवातीच्या काळात जीआयपी जळणासाठी चक्क विलायतेचा कोळसा वापरायची. जहाजानं मुंबई बंदरात उतरायचा आणि तिथून घाट चढून वर. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर तो आणायला सोपा झाला, मुंबईला परवडायचाही, पण मुंबईपासून जसजसं लांब जाल तसतसा तो महाग. नागपूर म्हणजे मुंबईपासून ८०० किलोमीटरहून जास्त. विचार करा, इंग्लंडातून आलेला कोळसा थळ घाट चढवून नागपूरला न्यायचा आणि त्यावर कापसाची गाडी परत मुंबईला आणायची. शिवाय कोळसा वाहून नेणारी गाडीही कोळसाच खाते. लाकूडही जाळलं जायचं, पण त्यानं जंगलाचा फडशा पडतो आणि वाफ नीट धरत नाही.

नर्मदेच्या खोऱ्यात मोहपाणीला एक खाण होती, गाडरवाड्याहून तिथं फाटा गेला होता, त्यामुळं इटारसी-जबलपूर बाजूला थोडी सोय झाली. भुसावळ-नागपूर बाजूला असं काहीच नव्हतं. ती जागा वरोऱ्यानं भरली. जीआयपीच्या या भागातल्या इंजिनांत वरोऱ्याचा कोळसा जळू लागला.

तो विलायती कोळशाच्या तोडीचा होता का? नव्हता. तेवढंच अंतर कापायला जास्त टाकावा लागायचा, राख जास्त, म्हणजे फायरमनला सारखं फावडं चालवा आणि जाळी साफ करा. स्टीमच्या काळातल्या जुन्या लोकांकडून एक गोष्ट मी कायम ऐकलीय, ड्रायव्हरला गाडीची वेळ विचारायच्या आधी आज कोळसा कुठला भरलाय ते विचारायचं. चांगला असेल तर वेळ आपोआप सांभाळली जाते आणि राखेचा असेल तर चढावावर प्रेशर पडतं, मग थांबून वाफ बनवत बसा.

वरोऱ्याचं महत्त्व कमी व्हायला लागलं ते बंगाल-नागपूर रेल्वेमुळं. १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल ही थेट लाइन झाली आणि बंगालचा चांगला कोळसा जवळच्या वाटेनं नागपूरच्या दारात आला.

कमलपुष्प

मी हिंगणघाटची. वर्धाकाठ, तुम्ही कापूस एका ओळीत उरकलात, म्हणून मी भर घालते, कारण ही लाइन फक्त कोळशाची म्हटलं तर आमच्या गावावर अन्याय होईल :)

हिंगणघाटचा कापूस रेल्वे यायच्या आधीपासून नावाजलेला. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि एकदम वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सरकारनं या भागासाठी वेगळा कॉटन कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नाक नावाचा, त्यानं आमच्या भागाच्या कापसावर भरपूर लिहून ठेवलंय. त्या काळात गाठी बैलगाड्यांवर लादून न्यायच्या. आणि आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतलं की बैलांचीही ताकद संपते, चार महिने सगळं ठप्प. तर रेल्वेचं महत्त्व इथं नुसत्या वेगाचं नव्हतं, पावसात माल हलवता येणं हीच मोठी गोष्ट होती.

तीच काळी माती रेल्वेलाही छळते बरं का. पावसात फुगते, उन्हाळ्यात इतक्या मोठ्या भेगा पडतात की हात जाईल. भराव खचतो, खडी खाली गिळली जाते, रूळ खालीवर होतात. आमच्या घरामागून लाइन जाते, गँगमन दरवर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी त्याच त्याच ठिकाणी खडी टाकून ठोकताना दिसतात, त्यांना पाठ आहे कुठं बसते ते.

कोळसा आणि कापूस एकाच लाइनवर आल्यावर जे व्हायचं तेच झालं, गिरण्या आल्या. हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद मिल, मग मोहता मिल. पुलगावलाही मिल. आणि सगळ्यात मोठी म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. वरोऱ्याला लाइन पोचली ते हेच साल! मुंबईत सगळे गिरण्या काढत असताना टाटा इतक्या आत नागपूरला आले कारण कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही आवाक्यात. बॉयलरचं जळण मुंबई बंदरातून आणावं लागलं असतं तर नागपूरला गिरणी काढायचं कुणाच्या मनात आलं असतं का?

आणि एक जाता जाता. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटला, आनंदवन उभं केलं वरोऱ्याजवळ. दोन्ही गावं याच लाइनवरची.

भूस्तर

चांगली चर्चा चाललीय. मी खनिजांच्या क्षेत्रात काम करतो, वर्धा खोऱ्यात बरंच फिरलोय, त्यामुळं जमिनीखालची बाजू मांडतो, ती कळल्याशिवाय लाइन वरोऱ्यालाच का गेली हे नीट उलगडत नाही.

हा कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. कोळशाचे थर ज्या खडकात आहेत त्याला बराकर म्हणतात, त्याच्यावर कामठीचा वालुकाश्म, आणि पश्चिमेकडं त्याच्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड. म्हणजे वरून बघून काही कळत नाही. घुग्घुस, बल्लारपूर अशा ठिकाणी नदीनं कापलेल्या काठावर कोळसा उघडा दिसतो, पण वरोऱ्याला वर नुसती शेतं, काळी माती, कोळशाचा मागमूस नाही, तो बोअर घेऊनच सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूजेस यानं वर्धा खोऱ्यावर जो मोठा अहवाल लिहिला तो प्रसिद्ध झाला १८७७ मध्ये, पुन्हा तेच साल.

मग काठावर उघडा दिसणारा कोळसा सोडून वरोरा का निवडलं? नकाशा बघा. कोळशाच्या पट्ट्यात वरोरा जवळजवळ उत्तरेच्या टोकाला आहे, म्हणजे वर्धा स्टेशनला सगळ्यात जवळ. बल्लारपूर आणखी साठेक किलोमीटर दक्षिणेला. रूळ टाकायचा खर्च मैलावर असतो, त्यामुळं जवळचा कोळसा आधी.

पण या कोळशात दोन दुखणी होती आणि ती अजूनही आहेत. पहिलं, त्यात ओल जास्त आणि तो हवेत आपोआप तापतो. ढीग घालून ठेवला, हवा आतून खेळली पण उष्णता बाहेर गेली नाही, की काही दिवसांनी पोटातून धूर यायला लागतो. मी स्वतः मे महिन्यात सायडिंगवर (माल भरायच्या बाजूच्या रुळावर) उभ्या रेकच्या, म्हणजे मालगाडीच्या, डब्यातून धूर निघताना बघितलाय, वरून पाणी मारलं तरी खालून धुमसतच होता, शेवटी मशीननं उकरून पसरावा लागला. जमिनीखाली तर हे जास्त वाईट. खांब सोडून कोळसा काढायची पद्धत, ते खांब चिरडले की त्यांच्या भेगांत हवा शिरते. या खोऱ्यातल्या खाणीत आग हा कायमचा शत्रू आहे.

दुसरं दुखणं जास्त मोठं, आणि यात विदर्भाचं फार मोठं नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं. या कोळशाचा कोक होत नाही. लोखंड वितळवायच्या भट्टीत कोळसा चालत नाही, कोक लागतो, म्हणजे हवा न लागू देता कोळसा भाजून केलेलं कडक जळण. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला लोहखनिजाचा अख्खा डोंगर आहे, इतक्या चांगल्या प्रतीचा की फॉन श्वार्झ नावाच्या तज्ज्ञानं १८८२ मध्ये चांद्यात लोखंडाचा कारखाना काढता येईल का यावर अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांनी वाचला आणि त्यांच्या डोक्यात पोलादाचं बसलं ते तिथून. लोखंड लोहाऱ्याला, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे तयार, गिरणी नागपुरात, याहून चांगली जागा कुठली? पण वरोऱ्याचा कोळसा तपासला तर या कामाला नालायक निघाला, आणि सरकारी परवानगीच्या अटीही जाचक, गोष्ट तिथंच थांबली. पुढं व्हाइसरॉय कर्झनच्या काळात नियम सैल झाल्यावर दोराबजी टाटा आणि वेल्ड नावाचा अमेरिकन भूवैज्ञानिक पुन्हा चांद्यातच शोधायला आले होते, तेव्हाही गाडी कोकवरच अडली. नागपूरच्या संग्रहालयात जुना नकाशा बघताना त्यांना दल्ली-राजहराकडच्या लोखंडाचा सुगावा लागला, शोध पूर्वेकडं सरकला आणि शेवटी कारखाना साकचीला उभा राहिला, आजचं जमशेदपूर. झरियाचा कोक होणारा कोळसा त्या बाजूला होता म्हणून.

कोळशाचा रासायनिक स्वभाव थोडा वेगळा असता तर पोलादाचं शहर चंद्रपूरजवळ असतं. हे मी उगाच भावनेच्या भरात लिहीत नाहीये, टाटांनी पहिली पसंती खरोखर या भागाला दिली होती.

अनु_वाचते

बापरे, हे टाटांचं तर शाळेत कुणी सांगितलंच नाही. वाचतेय, अजून येऊ द्या.

बल्लारपूरवाला

मी बल्लारपूरचाच आहो, हा धागा दिसला आणि राहवलं नाही.

वरोऱ्याची सरकारी खाण बंद झाली १९०६ मध्ये. त्याच्या थोडं आधी बल्लारपूरची खाण सुरू झाली होती, मग सगळा जोर आमच्याकडं आला आणि लाइन पण इकडं आली. म्हणजे रेल्वे कोळशाच्या मागं मागं चालत आली असंच म्हणा ना. आणि माजरीहून राजूरकडं फाटा, ताडाळीहून घुग्घुसला फाटा, हे सगळे कोळशाचेच. ताडाळी स्टेशनवर पॅसेंजर फारसे नसतात पण यार्ड बघा केवढं आहे!

माझे बाबा भूमिगत खाणीत सिरदार होते, म्हणजे मजुरांच्या तुकडीवर देखरेख करणारे. घरी कोळसा असायचाच, आई संध्याकाळी सिगडी भरून अंगणात पेटवायची, धूर पूर्ण निघून गेला आणि निखारे लाल झाले की मग आत घ्यायची, आधी आत आणली की शेजारच्या काकू ओरडायच्या कारण बंद घरात तो धूर जीव घेतो. सगळ्या कॉलनीत दिवेलागणीला एकच वास. बाबा ड्युटीवरून आले की काजळ घातल्यासारखे डोळे, साबणानं पण पापणीच्या कडेचं काळं जात नसे.

बल्लारपूरला लोक मिनी इंडिया म्हणतात ते खरंच आहे. तेलुगू, छत्तीसगढी, बिहारचे, यूपीचे, सगळे खाणीमुळं, पेपर मिलमुळं आणि रेल्वेमुळं आले. माझ्या वर्गात अर्ध्या पोरांची घरची भाषा वेगळी होती, मराठी सगळ्यांनी गल्लीतच शिकली. कुणी बाहेरचा म्हणून कुणाला वेगळं काढलं नाही आम्ही, सगळ्यांचे बाप खाणीच्या एकाच पिंजऱ्यातून (लिफ्टमधून) खाली जायचे.

१९७३ ला खाणी सरकारी झाल्या, १९७५ पासून वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड). त्याआधी खाजगी मालकांच्या काळात बाबांच्या वडिलांनी काय काय भोगलं ते ऐकलं तर झोप येत नाही. इतिहासात रेल्वे कुणी बांधली, साल कोणतं, हे सगळं लिहून ठेवतात, पण वरोऱ्याच्या त्या पहिल्या खाणीत खाली उतरलेल्या मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटते.

सिंगरेणीकर

मी मूळचा नांदेडचा, नोकरीमुळं बरीच वर्षं तेलंगणात कोळसा पट्ट्यातच आहे. बल्लारशाहच्या खालची बाजू सांगतो.

वरोऱ्याला जे इंग्रज सरकारनं केलं तेच निजामाच्या राज्यात थोड्या वर्षांनी झालं. १८७० च्या सुमारास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंगला येल्लंदूजवळ कोळसा सापडला. वाडी-सिकंदराबाद लाइन १८७४ ची, ती पुढं वरंगल, डोर्नकल करत वाढवली आणि डोर्नकलहून कोळशासाठी येल्लंदूला फाटा काढला, १८८९ पर्यंत लाइन बेझवाड्याला म्हणजे विजयवाड्याला पोचली. सिंगरेणी हे नाव त्याच भागातल्या गावाचं. म्हणजे वरून वर्धा-वरोरा आणि खालून डोर्नकल-येल्लंदू, दोन्ही लाइनी एकाच गोंडवन पट्ट्याकडं दोन टोकांनी आलेल्या, मध्ये मोठं जंगल रिकामं.

ते अंतर भरलं काझीपेठ-बल्लारशाहनं. आणि ती भरल्यावर आणखी कोळसा उघडा पडला, बेल्लमपल्ली, मंदमर्री, रामगुंडम या सगळ्या खाणी त्या लाइनच्या आजूबाजूलाच आहेत. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली १९२९ मध्ये, तेव्हा ती पेशावर ते मंगळूर अशी धावायची! या लाइनच्या आधी दिल्लीकडून मद्रासला जायचं तर मुंबईच्या बाजूनं रायचूरवरून मोठा फेरा पडायचा. आजही तुम्ही सेवाग्राम ते काझीपेठ प्रवास करा, वाटेत दर थोड्या अंतरावर कोळशाची सायडिंग लागते, ही लाइन कोळशासाठी जन्मली हे बाहेर बघूनच समजतं.

वर्धाकाठ

वा! इतके चांगले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. @कमलपुष्प कापसाची भर अगदी हवी होती. @बल्लारपूरवाला तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. वरोरा स्टेशनवर जर कधी या लाइनच्या इतिहासाचा फलक लागला (लागायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी पत्रव्यवहार करायला मी तयार आहे) तर त्यावर खाणीतल्या मजुरांचा उल्लेख पहिल्या ओळीत पाहिजे.

या लाइनला एक प्रतिस्पर्धी होता, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि तो प्रतिस्पर्धी रेल्वे नव्हताच. ती होती नदी! गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे आर्थर कॉटन, त्यांचं म्हणणं असं की हिंदुस्थानात रेल्वेपेक्षा जलवाहतूक स्वस्त पडेल. त्यातून गोदावरी जलमार्गाची योजना निघाली. समुद्रापासून गोदावरी, मग प्राणहिता, मग वर्धा, असं करत बोटी थेट चांदा-हिंगणघाटच्या बाजूला आणायच्या आणि इकडचा कापूस काकीनाडा बंदरातून बाहेर पाठवायचा. हे काही नुसतं कागदावर नव्हतं, हेग नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली कित्येक वर्षं काम चाललं. वाटेत खडकांचे आणि धावत्या पाण्याचे तीन मोठे अडथळे होते, एक दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेत देवलमरीला. तिथं बंधारे, बाजूनं कालवे, बोटी चढवायला-उतरवायला लॉक असं सगळं बांधायला घेतलं. भयंकर ताप, मजूर टिकत नाहीत, आणि उन्हाळ्यात नदीत पाणीच नाही. शेवटी १८७१ मध्ये योजना सोडून दिली.

साल बघा. नदीचं काम बंद झालं आणि त्याच सुमाराला वरोऱ्याची खाण आणि रेल्वे पुढं सरकली. ती योजना यशस्वी झाली असती तर चांद्याचा माल पूर्वेला आंध्र किनाऱ्याकडं गेला असता, सिरोंचा हे आज कोपऱ्यातलं गाव आहे ते मोठं नदीबंदर झालं असतं. कोळशाच्या रेल्वेनं या सगळ्या भागाचं तोंड पश्चिमेला, मुंबईकडं वळवलं. बाजार, गिरण्या, शिक्षणाला जाणारी मुलं, सगळं त्याच वाटेनं. सिरोंचा, अहेरी, गडचिरोली हा भाग मागं पडला त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक नक्की आहे असं मला वाटतं, कारण ज्या नदीवर त्यांचा रस्ता होता तो रस्ताच बंद झाला आणि रूळ तिकडं गेले नाहीत.

मोरभवन

धागा आवडला. पण मग नागपूरहून सरळ दक्षिणेला लाइन नाहीच का? उमरेड-नागभीड होती ना?

इंजिनघर

@मोरभवन होती, नॅरो गेज. बंगाल-नागपूर रेल्वेची, इतवारीहून उमरेड, नागभीड. नागभीडला गोंदिया-चांदा फोर्ट लाइन मिळते, ती लाइन ब्रॉड गेज झालीय. नागपूर-नागभीड हा तुकडा मात्र २०१९ पर्यंत नॅरो गेजच होता, मग गेज बदलासाठी बंद केला. तो ब्रॉड गेजनं सुरू झाला की नागपूर ते चंद्रपूर सेवाग्रामचा वळसा न घालता सरळ ब्रॉड गेजनं जाता येईल. गंमत म्हणजे उमरेडलाही कोळसा आहेच.

तरी मेल-एक्सप्रेस आणि कोळशाचे रेक सगळे सेवाग्रामवरूनच राहतील असा माझा अंदाज, कारण दुहेरी लाइन तिकडं आहे आणि तिसऱ्या लाइनचं कामही सेवाग्राम-बल्लारशाहवरच काढलंय. एका कोळशाच्या रेकला ५८-५९ डबे, चार हजार टनांच्या आसपास माल, तो जंगलातल्या एकेरी लाइनवर कोण घालणार.

अनु_वाचते

आता पुढच्या वेळी मुलांना हे सगळं दाखवत जायचंय. सेवाग्राम ते बल्लारशाह दिवसा प्रवास केला तर काय काय बघता येईल? कुठल्या बाजूला बसू?

बल्लारपूरवाला

ताई, सकाळची गाडी घ्या म्हणजे उजेड मिळतो, आणि शक्यतो स्लीपरनं या, एसीच्या काचेतून मजा नाही.

सेवाग्राम सोडलं की दोन्हीकडं कापूस, तूर, सोयाबीन. हिंगणघाटला वणा नदीचा पूल. मग वाघोली, नागरी, चिकणी रोड अशी छोटी स्टेशनं, तिथं मालगाड्या बाजूला उभ्या असतात, भरलेल्या बहुतेक उत्तरेकडं तोंड करून. वरोऱ्याला गाडी थांबली तर मुलांना सांगा की एके काळी रूळ इथंच संपत होते.

वरोऱ्यानंतर उजव्या बाजूला बसा. वर्धा नदी त्याच बाजूला आहे आणि माजरीच्या खुल्या खाणींचे मातीचे डोंगर पण. नवख्याला ते खरेच डोंगर वाटतात, वर झुडपं पण उगवली आहेत, पण ते सगळं कोळशावरून काढून टाकलेल्या मातीचे. भांदकला उतरलात तर भद्रावतीचं जैन मंदिर आणि विजासनची लेणी आहेत, अर्धा दिवस मोडतो. ताडाळीपासून डावीकडं या, चंद्रपूर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, २९२० मेगावॅटचं आहे ते, ह्याच कोळशावर चालते. चैत्रात येऊ नका, महाकालीच्या यात्रेमुळं गाडीत पाय ठेवायला जागा नसते, किंवा यात्रेलाच या म्हणजे दोन्ही होईल.

बल्लारशाहला इंजिनाचे ड्रायव्हर बदलतात, गाडी बरीच थांबते. फलाटावर वडा-समोसा सगळं मिळतं. वेळ असेल तर पुढं माणिकगडपर्यंत जा, लगेच वर्धा नदीचा पूल लागतो आणि परतीची पॅसेंजर मिळते, फक्त तिची वेळ आधी बघून ठेवा.